एलएन-४ हात आणि रोटरीचं शिबिर : भावाचा दीड वर्षाचा अनुभव, सगळं सविस्तर

एलएन-४ म्हणजे कोपराखाली हात गेलेल्यांना फुकट मिळणारा एक साधा कृत्रिम हात, आणि रोटरी म्हणजे व्यापारी-व्यावसायिकांचा जगभरचा सेवाभावी क्लब. आधीच सांगते लांब होणार आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः रात्र रात्र फोनवर शोधत होते की हात तुटलेल्या माणसाला कृत्रिम हात कुठे मिळतो, कसा असतो, खरंच उपयोग होतो का, आणि मराठीत धड काही सापडलंच नाही. जे होतं ते सगळं शिबिर उत्साहात पार पडलं, मान्यवर उपस्थित होते, एवढंच. नंतर त्या माणसाने तो हात वापरला की माळ्यावर टाकला हे कोणीच लिहीत नाही. म्हणून मी लिहितेय.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. गाव मिरज तालुक्यात, चार म्हशी, दीड एकर ऊस. २०२१ च्या दिवाळीनंतर कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, लाईट यायची-जायची वेळ झालेली असते, वैरण ओली असते, रोलरला अडकते, आणि माणूस नेहमीच्या सवयीने हाताने ढकलायला जातो. मनगटाच्या वर जवळजवळ चार बोटांपर्यंत गेला. कोपर वाचलं. तेव्हा डॉक्टर दोनतीनदा म्हणाले कोपर वाचलंय हे लक्षात ठेवा, मला त्याचा अर्थ कळला नव्हता, मला राग आला होता की हा माणूस काय बोलतोय. त्याचा अर्थ पुढे दुसऱ्या शिबिराच्या वेळी कळला.

पहिलं वर्ष काय गेलं ते लिहीत नाही. एकच सांगते. दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिल होतं, तिथे वहीत सही करून पैसे घ्यायचे. हा उजव्या हाताने सही करणारा, तेव्हापासून डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायला लागला. बारावी शिकलेला मुलगा. पुढे पुढे तो बिलाच्या दिवशी जायचाच नाही, वडिलांना पाठवायचा.

मग एका संस्थेचं शिबिर असल्याचं कळलं, शेजारच्या जिल्ह्यात, नाव घेत नाही. आम्ही पहाटे एसटीने निघालो, आठला पोचलो. हात मिळाला साडेचारला. मधे दोन तास भाषणं. ज्यांना हात-पाय मिळणार त्यांना स्टेजवर रांगेत उभं केलं, कोणाच्या काखेत कुबडी, कोणी लहान पोर कडेवर, उन्हाचे दिवस, आणि प्रत्येकाच्या हातात ती वस्तू देताना फोटो. जो हात मिळाला तो रबरासारखा, बोटं न हलणारी, दिसायला हातासारखा. घालायचा कसा ते एका पोराने मिनिटभरात दाखवलं. माप कुठे घेतलंच नव्हतं, त्यामुळे तो सैल होता, फडकं गुंडाळून घालावा लागायचा. परत कोणाचा फोन नाही. दिलेल्या नंबरवर मी चार वेळा केला, उचलला नाही. आठ दिवसात तो हात कपाटात गेला. भाऊ मला म्हणाला, अक्का, आता परत कुठे नेऊ नकोस मला. त्याचं ते बोलणं मला फार लागलं, कारण आग्रह करून मीच नेलं होतं.

आता दुसरं शिबिर.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, अकरा वर्षं झाली. आमचे शेठ रोटरीत आहेत हे मला माहीत होतं, म्हणजे दर आठवड्याला एका संध्याकाळी ते लवकर जातात आणि शर्टाच्या खिशाला ते चाकाचं पिन असतं एवढंच माहीत. मोठ्या लोकांचा जेवणाचा क्लब असेल असं मी खरंच समजायची. एकदा वर्षअखेरीची रुजवात, म्हणजे खाती जुळवणी, करताना त्यांच्या वैयक्तिक खात्याला डॉलरवरून रुपयात बदललेल्या रकमेची पावती दिसली, ८०जी वाली म्हणजे दानावर करसवलत मिळते ती, रोटरी फाउंडेशनची म्हणजे रोटरीच्या दान-निधीची, दर वर्षीची. मी विचारलं हे कशाचं. मग त्यांनी सांगितलं, आणि बोलता बोलता भावाचा विषय निघाला, तर म्हणाले, ताई, इतके दिवस बोलला का नाहीत, आपल्याकडे हाताचं शिबिर होतं, कोपर आहे ना त्याला?

कोपर. तेव्हा मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

तर हा हात एलएन-४ नावाचा. ज्यांचा हात कोपराच्या खाली तुटलाय आणि कोपराखाली पुरेसा भाग शिल्लक आहे त्यांच्यासाठीच आहे. कोपराच्या वरून गेला असेल तर हा बसत नाही, उगाच लांबून जाऊ नका, आधी फोन करून फोटो पाठवा. अमेरिकेतले अर्नी मेडोज म्हणून एक इंडस्ट्रियल डिझायनर, त्यांची मुलगी एलेन गाडीच्या अपघातात गेली, तिच्या आठवणीत नवराबायकोने हा हात तयार केला आणि तो विकायचा नाही, गरजूंना फुकटच द्यायचा असं ठरवलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या रोटरीवाल्यांनी तो उचलून धरला आणि एका देशातून दुसऱ्या देशात क्लबांच्या ओळखीने तो पोचत गेला. भारतात कितीतरी गावांत अशी शिबिरं झालीत. हात मेडोज कुटुंबाच्या फाउंडेशनकडून येतात, इथलं मंगल कार्यालय, चहा-जेवण, जाहिरात, गाडीभाडं हे इथला क्लब बघतो. आम्हाला एक रुपया लागला नाही. उलट जाताना येण्याजाण्याचं भाडं विचारून दिलं, ते मी घेतलं नाही, पण बाकीच्यांना देत होते ते बघितलं.

हात दिसायला कसा आहे तर सरळ सांगते, हातासारखा दिसत नाही. प्लॅस्टिकचा आहे, कोपराखाली गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचा. ज्यांना लग्नकार्यात कोणाच्या लक्षात येऊ नये असा हात हवाय त्यांची निराशा होईल. बॅटरी नाही, वायर नाही, ऑपरेशन नाही. बोटं दुसऱ्या हाताने किंवा मांडीला टेकवून दाबून मिटवायची, मिटली की तशीच धरून राहतात, बटण दाबलं की सुटतात. पेन धरायला वेगळी सोय आहे. पाण्याने धुता येतो. एवढंच. पुण्यात एका दुकानात आम्ही बॅटरीवर चालणाऱ्या हाताची चौकशी केली होती तेव्हा सांगितलेली किंमत ऐकून वडील काही न बोलता बाहेर येऊन पायरीवर बसले होते, त्यापुढे हे यंत्र अगदी साधं. पण कुट्टी मशीनने हात गेलेल्या माणसाच्या घरात शेण, पाणी, वैरण, धूळ असते, तिथे साधंच टिकतं हे माझं आता पक्कं मत झालंय.

शिबिरात काय केलं ते जरा बारकाईने लिहिते कारण खरा फरक तिथे होता. नावनोंदणी आधी फोनवर झाली होती, प्रत्येकाला वेळ दिलेली, आम्हाला अकराची. स्टेज नव्हतंच. टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर दोन माणसं. आमच्या टेबलावर एक बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या असाव्यात, आणि एक तिशीचा मुलगा. बाईंनी भावाचा उरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अगदी आपल्या पोराचा घ्यावा तसा, आणि कातडीवर कुठे दुखतं, कुठे मुंग्या येतात, टाके कुठे होते ते बोट फिरवून फिरवून विचारलं. दीड वर्षात घरच्यांशिवाय त्या हाताला कोणी असं धरलं नव्हतं. भाऊ खाली बघत होता. मग तो मुलगा म्हणाला दादा इकडे बघा, आणि त्याने बाही वर केली, त्यालाही तोच हात बसवलेला. कारखान्यात पॉवर प्रेस मशीनमध्ये गेला म्हणाला. त्याने काही समजावलं नाही, नुसतं समोरच्या बाटलीचं झाकण उघडलं, ग्लासात पाणी ओतलं, पिऊन दाखवलं आणि म्हणाला आता तुम्ही.

पुढे पाऊण तास ते दोघं फक्त त्याच्याशी होते. ग्लास तीनदा पडला. स्टीलचा होता, आवाज व्हायचा, भाऊ लाजायचा, बाई म्हणायच्या पडू दे, फरशी आमची नाही मंगल कार्यालयाची आहे. चौथ्यांदा ग्लास तोंडापर्यंत गेला. पाणी शर्टावर सांडलं थोडं. मी मागे खुर्चीवर बसले होते, मला ते बघवेना म्हणून मी उठून चहाच्या टेबलाकडे गेले.

निघताना एक कागद दिला मराठीत, रोज किती वेळ घालायचा, आत सुती मोजा घालायचा, घाम आला की पुसायचा, लाल झालं तर दोन दिवस थांबायचं. आणि फोन नंबर. आठव्या दिवशी त्यांचाच फोन आला. मग महिन्याने. मग तीन महिन्यांनी. बाईच करायच्या. भाऊ सुरुवातीला उचलायचा नाही, मला द्यायचा, तर त्या म्हणायच्या मला तुमच्याशी नाही बोलायचं हो, त्याच्याशी बोलायचंय. तिसऱ्या फोनच्या वेळी तो स्वतः पंधरा मिनिटं बोलत होता, गोठ्यात उभा राहून.

आता दीड वर्षानंतर काय जमतं आणि काय नाही. किटली धरता येते, अर्धी भरलेली बादली उचलतो पण भरलेली नाही. खराटा, टिकाव-फावड्याचा दांडा वरच्या बाजूला धरून ठेवायला उपयोग होतो, जोर डाव्या हाताचा. वैरणीचा भारा बांधताना दोरीचं एक टोक धरून ठेवतो. जेवताना चमचा. मोबाईल धरून डाव्या हाताने टाईप करतो. सायकल चालवतो. काय जमत नाही तर धार काढता येत नाही, त्याला बोटं हलायला पाहिजेत, ते वहिनी करते. शर्टाची गुंडी नाही. गरम भांडं अजिबात नाही, तिथे चटका कळत नाही. मोटरसायकलची मूठ धरता येते पण उजवा हात गेलेला असेल तर रेस आणि पुढचा ब्रेक त्याच बाजूला येतो, आम्हाला शिबिरातच बजावलं होतं की गाडी चालवू नका, आणि ते बरोबर आहे, कोणी हौसेने करत असेल तर अडवा. उन्हाळ्यात घामाने त्रास होतो म्हणून दुपारी काढून ठेवतो. पट्ट्या वापरून वापरून सैल झाल्या त्या मी यार्डात बॅगा शिवणाऱ्याकडून नवीन लावून घेतल्या, चाळीस रुपयांत काम झालं.

आणि सही. ती त्याने कोणाला न सांगता केली. पेन हातात बसवून रोज रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गिरवायचा, वहिनीने मला नंतर दाखवली ती पानं, पहिल्या पानावर नुसत्या रेघोट्या, मनगट वळत नाही ना, मग खांद्यातून अख्खा हात फिरवून अक्षर काढायला शिकला. पाचव्या महिन्यात बिलाच्या दिवशी वडिलांना म्हणाला मी जातो. सेक्रेटरीने सवयीने शाईचा पॅड पुढे केला. याने तो बाजूला सारला. सही जुन्या सहीसारखी आलेली नाही, मोठी आणि उभट आलीय, तीच आता बँकेतही बदलून घेतली.

इथपर्यंत हाताबद्दल. आता पैशाबद्दल, कारण मी हिशेबाची बाई, मला चैन पडेना की हे चालतं कुठून. कॅलिफोर्नियातला माणूस माझ्या भावाला ओळखत नाही, आमचे शेठ त्याला ओळखत नाहीत.

शेठनी मला सगळं सांगितलं, काही मी वाचलं. रोटरी सुरू झाली शिकागोत, २३ फेब्रुवारी १९०५ ला. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनीअर, एक कपडे शिवणारा व्यापारी असे चौघं. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचे म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला धंद्याच्या ओळखीपाळखीच होत्या, एकमेकांकडून माल घ्यायचा वगैरे, ते लपवण्यासारखं काही नाही. मग दोनतीन वर्षांत त्यांनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खटपट केली, हे त्यांचं पहिल्या कामांपैकी एक. मला हे फार आवडलं. बाजारात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईमाणसाला विचारा स्वच्छतागृह म्हणजे काय ते. तिथून कॅनडात विनिपेग, मग डब्लिन, लंडन, कलकत्त्याला पहिल्या महायुद्धानंतर लगेच, मुंबईत १९२९. धंद्याच्या वाटा जिथे जिथे गेल्या तिथे हे गेलं.

दान मात्र वेगळ्या रीतीने वाढलं. क्लीव्हलँडचे लाकडाचे व्यापारी आर्च क्लम्फ यांनी १९१७ च्या अटलांटाच्या अधिवेशनात मांडलं की जगात चांगलं काम करायला आपला एक कायमचा निधी असावा. पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबने पहिले पैसे दिले, २६ डॉलर ५० सेंट. अधिवेशनाच्या खर्चातून उरलेले. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या रोजमेळातली शिल्लक दिसली, संध्याकाळी पेटीत उरलेले सुट्टे पैसे. बरीच वर्षं तो निधी तसाच बारीक राहिला. १९३० मध्ये त्यातून पहिली मदत गेली, ५०० डॉलर, आणि ती गेली कोणाला तर अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. ती संस्था काढणारे एडगर अॅलन हे ओहायोतले व्यावसायिक आणि रोटरीचेच, त्यांचा मुलगा १९०७ मध्ये ट्रामच्या अपघातात गेला होता, गावात धड हॉस्पिटल नव्हतं, म्हणून त्यांनी आधी हॉस्पिटल उभं केलं आणि मग अपंग पोरांचं काम हातात घेतलं. म्हणजे पहिले पाचशे डॉलर एका पोर गेलेल्या बापाच्या कामाला गेले आणि भावाच्या हातात आलेला हा हातही एका पोर गेलेल्या बापाचा. हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले त्या माणसाला पत्र पाठवता येईल का.

१९४७ मध्ये पॉल हॅरिस वारले तेव्हा त्यांच्या नावाने लोकांनी भरभरून दिलं आणि निधी खरा वाढला. आता कोणी हजार डॉलर दिले की त्यांना पॉल हॅरिस फेलो म्हणतात, आमच्या शेठच्या केबिनमध्ये त्याची पाटी आहे, मी अकरा वर्षं तिच्यावरची धूळ पुसत होते. पोलिओचं तर सगळ्यांना माहीत आहे, १९८५ मध्ये त्यांनी जगातल्या सगळ्या मुलांना डोस द्यायचं अंगावर घेतलं आणि १२ कोटी डॉलर जमवायचं ठरवलं, प्रत्यक्षात दुपटीच्या वर जमले. भारतात शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तचा दाखला मिळाला. लस सरकारची, राबणाऱ्या अंगणवाडी आणि आशा ताई सरकारच्या, हेही सांगायला पाहिजे, पण बूथवरच्या पिवळ्या टोप्या, मंडप, गाड्या, पाठपुरावा यात हे लोक पंचवीस वर्षं टिकून राहिले.

पैसा फिरतो कसा ते शेठनी हळदीच्या एका जुन्या पट्टीच्या, म्हणजे माल विक्रीच्या बिलाच्या, मागे काढून दाखवलं. सदस्य वर्षाला जे देतो ते लगेच खर्च होत नाही, तीन वर्षं गुंतवलं जातं, तोपर्यंतच्या उत्पन्नातून कारभाराचा खर्च भागतो, आणि तीन वर्षांनी त्यातला साधारण निम्मा भाग त्याच भागातल्या रोटरी जिल्ह्याला (म्हणजे बऱ्याच क्लबांच्या मिळून केलेल्या विभागाला) कामासाठी वापरायला मिळतो, निम्मा जगाच्या निधीत. मोठं काम असेल, म्हणजे डायलिसिसची मशीनं वगैरे, तर एका देशातला क्लब आणि दुसऱ्या देशातला क्लब मिळून प्रस्ताव करतात, काम किमान ३० हजार डॉलरचं पाहिजे, मग जगाच्या निधीतून भर पडते. आणि दर वर्षी अहवाल द्यावा लागतो, काम संपलं की शेवटचा अहवाल. अहवाल थकला तर पुढचं अडतं. मला हे ऐकून बरं वाटलं. त्या बाईंच्या फोनमागे त्यांचं मन तर होतंच, पण कुठेतरी एक रकाना पण असणार की दिलेला हात वापरात आहे का. पहिल्या संस्थेकडे तो रकानाच नसावा.

एक जुनी गोष्ट इथे लिहायची आहे. आमच्या आजोबांच्या वेळच्या गुळाच्या पट्ट्या मी बघितल्यात, अडत, हमाली, तोलाई, आणि त्याखाली एक ओळ असायची, धर्मादाय. व्यापारी शेतकऱ्याच्या रकमेतून कापायचा आणि धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा असल्या कामाला द्यायचा, निदान द्यायचा असं मानलं जायचं. पाटीवर नाव व्यापाऱ्याचं आणि पैसा शेतकऱ्याचा. बाजार समितीच्या कायद्यांनी असल्या कपाती बंद केल्या ते चांगलंच झालं. मी हे लिहिते कारण व्यापाऱ्याचं दान म्हटलं की आमच्या घरात अजून नाक मुरडतात, आणि त्याला कारण आहे. म्हणून शेठची पावती त्यांच्या स्वतःच्या खात्याला, घरखर्चाच्या शेजारी नावे पडलेली मी बघितली तेव्हा मला विश्वास बसला. पेढीच्या खर्चात नाही, कोणाच्या पट्टीतून नाही. अलीकडच्या काही वर्षांत रोटरी फाउंडेशनला अमेरिकेखालोखाल सगळ्यात जास्त पैसे भारतातून जातात म्हणे शेठ, आणि ते खरं आहे, मी पाहून घेतलं. म्हणजे आपण नुसते घेणारे राहिलो नाही.

अजून एक, रोटरीच्या नियमात १९८९ पर्यंत बायकांना जागाच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते नावाच्या गावच्या क्लबने बायका घेतल्या म्हणून त्या क्लबलाच काढून टाकलं होतं, ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८७ मध्ये बायकांच्या बाजूने निकाल लागला, मग दोन वर्षांनी नियम बदलला. तो निकाल लागला नसता तर आमच्या टेबलावरच्या त्या बाई नसत्या. भावाचा हात हातात घेणारं दुसरं कोण होतं तिथे हे मी खूपदा मनात आणते.

तक्रारी आहेतच. हे सगळं कळतं कोणाला, तर ज्याचा शेठ रोटरीत आहे त्याला. माझ्या गावापासून पंधरा किलोमीटरवर शिबिर झालं आणि गावात एकालाही पत्ता नव्हता. पेपरात बातमी येते ती शिबिर झाल्यावर. दूध संस्था, विकास सोसायटी, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, कुट्टी मशीन विकणारे दुकानदार, इथे एक कागद लावला तरी हात गेलेली माणसं सापडतील, कारण ती घराबाहेर पडत नाहीत पण त्यांच्या घरचं कोणी ना कोणी संस्थेत दूध घालायला जातंच. मी हे शेठना सांगितलं, त्यांनी मीटिंगमध्ये मांडलं, पुढच्या शिबिराचे कागद आता संस्थांमध्ये लागलेत, मिरज तालुक्यातले मी आणि भाऊ दोघांनी मिळून लावले. दुसरं म्हणजे कोपराच्या वरून हात गेलेल्यांना आल्या पावली परत जावं लागतं, त्यांना निदान पुढे कुठे जायचं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कसं काढायचं, सरकारी योजनेतून एलिम्को या कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं साहित्य कसं मिळतं एवढं सांगणारं एक टेबल असायला पाहिजे. त्या दिवशी एक आजोबा कर्नाटकातून आले होते नातवाला घेऊन, पोराचा हात खांद्यापासून नव्हता. त्यांना चहा दिला, भाडं दिलं, पण उत्तर कोणाकडे नव्हतं. आणि तिसरं, कुट्टी मशीनच्या तोंडाला गार्ड लावायचं काम कोणीतरी हातात घ्यावं, हात वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. हेही मी शेठना सांगितलंय.

स्टार द्यायचे तर हाताला पाचपैकी चार, एक कमी कारण धार निघत नाही आणि उन्हाळ्यात घालवत नाही. शिबिराला आणि नंतरच्या फोनला पाच. आधीच्या त्या संस्थेला मी काही देत नाही.

जाणाऱ्यांसाठी : आधार कार्ड, दवाखान्याचे जुने कागद, जुन्या सुती बनियनच्या बाह्या कापून शिवलेले दोनतीन मोजे, आणि बरोबर घरातलं असं माणूस न्या जे रोज घालायला लावेल. जखम पूर्ण भरलेली पाहिजे. लहान मुलांना मापात बसेलच असं नाही, आधी विचारा. आणि घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस स्टीलचाच ग्लास वापरा, काचेचा नको.

भावाला आता पुढच्या शिबिरात टेबलावर बसायला बोलावलंय, त्या पॉवर प्रेसवाल्या मुलाच्या जागी, तो पुण्याला गेला नोकरीला. भाऊ हो म्हणालाय. काल फोनवर विचारत होता, अक्का, ग्लास आपला घेऊन जाऊ का तिथे असतात.